मुलं, तरुण आणि कुटुंबांसाठी पहिली परिषद भरवताना

मुलांच्या आणि कुटुंबांच्या प्रश्नांवर परिषद भरवायची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली, की पहिली बैठक बहुधा दोनच गोष्टींत संपते: सभागृह कोणतं आणि प्रमुख वक्ता कोण. हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी ठरवायचं ते हे, की या परिषदेत कोण कोणाचं ऐकणार आणि ऐकल्यावर उत्तर कोण देणार. ज्यांच्या आयुष्याबद्दल दिवसभर बोलणं होतं त्यांना बोलता आलं, आणि त्यांच्या म्हणण्याचं पुढे काय झालं हे त्यांच्यापर्यंत परत पोचलं, तरच त्या दिवसाला अर्थ आहे. खालची प्रत्येक पायरी मी याच कसोटीवर लिहिली आहे.

शिक्षक, पालक, समाजकार्यकर्ते, युवक गटातले कार्यकर्ते यांच्यापैकी कोणीही हे काम हाती घेऊ शकतं. डोळ्यांसमोर शंभर-सव्वाशे माणसांची, एका दिवसाची परिषद ठेवा. तयारीला तीन ते चार महिने लागतात. त्याहून कमी वेळ असेल, तर परिषद लहान करा, पण तयारीला कात्री लावू नका.

पहिली पायरी: एकच प्रश्न निवडा

‘मुलांचा सर्वांगीण विकास’ किंवा ‘कुटुंब आणि आजचा समाज’ असे विषय फलकावर चांगले दिसतात, पण त्यावर कोणालाही काही ठरवता येत नाही. मुलांचं हित ही फार मोठी गोष्ट आहे. नुसत्या लहानग्यांचं घ्या. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ साली बालसंगोपनाची जी चौकट मांडली, तिच्यात आरोग्य, पोषण, सुरक्षितता, लहानपणापासून शिकण्याची संधी आणि मुलाच्या हाकेला ओ देणारं संगोपन असे पाच भाग आहेत. यातल्या एकेका भागावर वेगळी परिषद होऊ शकते. त्यात किशोरवयातलं मन, अभ्यासाचा ताण, नोकरीची चिंता आणि घरातल्या आजारी माणसांची देखभाल हेही घातलं, तर एका दिवसात सगळ्यांवर बोलून होतं आणि एकावरही निर्णय होत नाही.

म्हणून विषय घेऊ नका, प्रश्न घ्या. उदाहरणार्थ: ‘शाळा सुटल्यापासून घरची मोठी माणसं परत येईपर्यंत आपल्या भागातली मुलं कुठे असतात, आणि त्या वेळात त्यांना काय हवं आहे?’ या प्रश्नावर दहा वर्षांची मुलगी बोलू शकते, तिची आजी बोलू शकते, मुख्याध्यापक बोलू शकतात आणि मैदानाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो अधिकारीही बोलू शकतो. तुमच्या प्रश्नाला हीच कसोटी लावा. मूल उत्तर देऊ शकतं का? आणि उत्तर ऐकून काहीतरी करण्याचा अधिकार असलेलं माणूस त्या दिवशी खोलीत असणार आहे का? दोन्हींना ‘हो’ म्हणता येत नसेल, तर प्रश्न बदला.

नेमक्या प्रश्नाने किती फरक पडतो याचं एक जुनं उदाहरण आहे. जानेवारी १९०९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये निराधार मुलांविषयी परिषद बोलावली. स्वतः अनाथाश्रमात वाढलेले वकील जेम्स वेस्ट यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. मुद्दा आटोपशीर होता: आधार नसलेल्या मुलांना संस्थेत ठेवायचं की घरात वाढू द्यायचं? केवळ गरिबीपायी मुलाला घरापासून तोडू नये, असं परिषदेने ठामपणे म्हटलं. मुलांसाठी सरकारचं स्वतंत्र कार्यालय असावं ही मागणीही तिथे उचलून धरली गेली आणि १९१२ साली ते सुरू झालं. मात्र त्या परिषदेत मुलांबद्दल सगळं मोठ्यांनीच ठरवलं. ती उणीव राहू न देणं आता आपल्या हातात आहे.

दुसरी पायरी: संयोजन समितीत कोण असावं

आठ-दहा जणांची समिती पुरे. त्यात निदान दोन तरुण आणि दोन पालक हवेत. एकेकटे नकोत. अनुभवी माणसांच्या बैठकीत एकटी सोळा वर्षांची मुलगी बसवली, तर ती मान डोलावते आणि घरी जाते. बरोबर मैत्रीण असेल तर निदान तिच्या कानात तरी बोलते, आणि मग ती गोष्ट बैठकीत येते. बैठकीची वेळही त्यांना जमेल अशी ठेवा. कामाच्या दिवशी सकाळी अकराची बैठक म्हणजे शिकणाऱ्या आणि कामावर जाणाऱ्या दोघांनाही दार बंद.

‘मूल’ कोण आणि ‘तरुण’ कोण, हे समितीत एकदा स्पष्ट करून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत तरुण म्हणजे १५ ते २४ वयाचे. म्हणजे १५ ते १७ वयाची मंडळी दोन्हीकडे मोडतात, आणि गोंधळ तिथेच होतो. कोणी त्यांना लहान मुलांच्या चित्रकलेच्या खोलीत पाठवतं, तर कोणी पालकांच्या संमतीशिवाय व्यासपीठावर उभं करतं. त्यांच्यासाठी नियम सरळ ठेवा: संरक्षण मुलांसारखं, मान तरुणांसारखा.

बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारली गेली. तिच्या बाराव्या कलमानुसार, स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे, आणि मुलाचं वय व समज लक्षात घेऊन त्या मताला वजन द्यायचं आहे. या दुसऱ्या भागाकडे आयोजकांचं लक्ष फार कमी जातं. मुलाला माइक दिला की पहिला भाग पुरा होतो. वजन दिलं की नाही, हे निर्णयाच्या वेळी कळतं.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाच्या तीन पायऱ्या समितीने एकदा मोठ्याने वाचाव्यात: मुलांना वापरून घेणं, मुलांना सजावट म्हणून ठेवणं आणि नावापुरता सहभाग. या तिन्ही प्रकारांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. स्वागतगीत गायला मुलं आणि चर्चेला मोठे, ही सजावट झाली. मोठ्यांनी लिहून दिलेलं भाषण मुलाकडून पाठ करून घेणं, हे वापरून घेणं झालं. आपला कार्यक्रम कोणत्या पायरीवर आहे हे आखणी चालू असतानाच विचारा, कारण छापील पत्रिका हातात आल्यावर कोणी बदलायला तयार नसतं.

निमंत्रणाच्या शब्दांबद्दलही थोडं. ‘सर्व आई-वडिलांनी यावे’ असं लिहिलं, की आजी-आजोबांकडे वाढणारी मुलं, एकट्या आईचं घर, मामा-मावशीने सांभाळलेलं मूल आणि दत्तक वा पालक कुटुंबं यांना वाटतं की हे आपल्यासाठी नाही. ‘मुलांची काळजी घेणारी घरातली मोठी माणसं’ असं लिहिलं तर कोणीही बाहेर राहत नाही.

तिसरी पायरी: परिषदेच्या आधी ऐकून घ्या

नवखे आयोजक ही पायरी सर्रास गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. जे परिषदेला येऊच शकणार नाहीत त्यांची यादी करा. पाळीने काम करणारे पालक, शाळा अर्धवट सोडावी लागलेले तरुण, चोवीस तास सोबत लागणाऱ्या मुलाची आई, नुकतंच दुसऱ्या गावाहून आलेलं आणि इथली भाषा न येणारं कुटुंब. परिषद ज्या प्रश्नावर आहे तो प्रश्न बहुतेकदा यांच्याच घरात सर्वांत तीव्र असतो, आणि सभागृहात गैरहजर असतात तेही हेच.

त्यांच्याकडे तुम्ही जा. सहा-सात जणांच्या छोट्या बैठका त्यांच्या ओळखीच्या जागी, त्यांच्या वेळेला घ्या. तिथे तीनच प्रश्न विचारा. तुमच्या मुलाचा दिवस कधी चांगला जातो? कधी अवघड जातो? अवघड दिवस सोपा व्हायला कोणी काय करावं? पहिला प्रश्न टाळू नका. फक्त अडचणी विचारल्या की माणसं स्वतःला तक्रारदार समजू लागतात आणि आखडतात. काय चांगलं चाललं आहे हे सांगताना त्यांनाच आपली ताकद दिसते, आणि पुढचं बोलणं खुलतं.

उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘पालकांमध्ये जागरूकतेचा अभाव’ असं टिपण निरुपयोगी असतं. ‘शाळेचा निरोप दुपारी येतो, तेव्हा माझा फोन कामावर जमा केलेला असतो’ हे वाक्य वाचलं, की काय बदलायचं ते लगेच दिसतं. ही वाक्यं, नावं वगळून आणि सांगणाऱ्याची परवानगी घेऊन, मोठ्या अक्षरांत लिहा आणि परिषदेच्या दिवशी भिंतीवर लावा. जे आले नाहीत त्यांचं बोलणं निदान असं तरी खोलीत असेल.

चौथी पायरी: दिवस, जागा, पैसा

२० नोव्हेंबर हा जागतिक बालदिन, १५ मे हा आंतरराष्ट्रीय कुटुंबदिन आणि १२ ऑगस्ट हा आंतरराष्ट्रीय युवादिन. या तारखांचा मोह होतो. पण ज्यांच्याकडून उत्तर हवं आहे ते अधिकारी अशा दिवशी बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी पाहुणे असतात आणि अर्ध्या तासात निघून जातात. साधा दिवस निवडा. परीक्षांचा काळ टाळा.

जागा पाहायला समितीतल्या तरुणांना आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला बरोबर न्या. चढ-उतार, दरवाज्याची रुंदी, स्वच्छतागृह, ध्वनिवर्धकाचा घुमणारा आवाज हे त्यांना लगेच जाणवतं. एक लहान शांत खोली वेगळी मागून घ्या. गोंगाट सहन न होणारं मूल, स्तनपान देणारी आई, रडू आलेला तरुण यांच्यापैकी कोणालाही ती लागू शकते. सांकेतिक भाषेचे दुभाषी लागणार असतील तर दोघं ठरवा. हे काम फार थकवणारं असतं, म्हणून दोघं साधारण वीस-तीस मिनिटांनी आलटून-पालटून करतात.

पैसा थोडा असेल, तर येण्या-जाण्याची सोय, लहान मुलांचा सांभाळ आणि दुभाषी यांवर आधी खर्च करा. व्यासपीठ, स्मरणचिन्हं, छापील पिशव्या यांच्यावाचून काही अडत नाही. मुलांच्या सांभाळाची सोय नसेल तर बाळ असलेली आई येत नाही, आणि आली तरी दिवसभर दाराजवळ उभी राहते. ही सोय सभागृहाला लागूनच हवी. कोणतं मूल कोणी सोडलं आणि कोणी नेलं याची वही हवी. सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांची आधी चौकशीही झालेली हवी.

पाचवी पायरी: मुलांचं संरक्षण

परिषद मुलांच्या भल्यासाठी आहे, म्हणून तिथे मुलं आपोआप सुरक्षित असतील असं धरून चालू नका. अनोळखी मोठी माणसं, गर्दी, मोबाइलचे कॅमेरे आणि मन उघडं करायला लावणारे विषय हे सगळं एकाच दिवशी एकत्र येतं.

संरक्षणाची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवा. तिचं नाव आणि चेहरा सकाळीच सगळ्यांना दाखवा. तिच्याकडे दुसरं कोणतंही काम देऊ नका. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसणार नाही, हा नियम सर्वांना लागू ठेवा, अगदी प्रमुख पाहुण्यांनाही. संमतिपत्र दोन हवीत. एक पालकांचं आणि दुसरं मुलाचं स्वतःचं, त्याला समजेल अशा भाषेत. ‘मी कधीही उठून जाऊ शकतो, कोणी रागावणार नाही’ हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. फोटोची परवानगी वेगळी घ्या आणि ज्यांची नाही त्यांच्या ओळखपत्राची दोरी वेगळ्या रंगाची ठेवा. मुलांच्या ओळखपत्रावर फक्त पहिलं नाव लिहा, शाळेचं नाव नको.

आता सर्वांत नाजूक प्रसंग. गटचर्चा चालू आहे, विषय साधा आहे, आणि बारा वर्षांचा मुलगा खाली बघत म्हणतो, “मला घरी जायला आवडत नाही. तिथे मारतात.” टेबल गप्प होतं. सगळे गटप्रमुखाकडे बघतात. अशा वेळी काय करायचं याचा सराव आधीच झालेला असला पाहिजे. गटप्रमुखाने शांत आवाजात म्हणावं, “तू हे सांगितलंस ते बरं केलंस. आपण यावर नीट बोलू, थोड्या वेळाने माझ्याबरोबर चल.” मग चर्चा सहकाऱ्याकडे सोपवून त्या मुलाला संरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे घेऊन जावं. कोण मारतं, कधीपासून, कशाने, असे प्रश्न टेबलावर विचारू नयेत. एकांतातही खोदून विचारू नये. चौकशी करणं ज्यांचं काम आहे ते ती करतील, आणि मुलाला तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावणं हा त्याच्यावर आणखी एक अन्याय आहे. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. त्याऐवजी खरं ते सांगा: “तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे एका माणसाला सांगावं लागेल, आणि कोणाला ते मी तुला आधी सांगेन.” मुलाने जे शब्द वापरले तेच त्याच दिवशी लिहून ठेवा, तारीख-वेळेसह.

संकटातल्या माणसाला द्यायच्या मानसिक प्रथमोपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत तीन क्रिया आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. स्वयंसेवकांना एवढं शिकवलं तरी पुष्कळ झालं. ‘जोडून द्या’ यासाठी मदतवाहिनी, समुपदेशक आणि बालसंरक्षण यंत्रणा यांचे क्रमांक आधी स्वतः फोन करून तपासा. अत्याचाराची माहिती कळवणं कायद्याने कोणावर बंधनकारक आहे हे देशादेशांत वेगळं असतं. तुमच्याकडचा नियम जाणकाराकडून लेखी घ्या.

एक गोष्ट मुद्दाम बजावून सांगतो. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरचा (मारहाण, घरातली हिंसा असे अनुभव) फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांचा अभ्यास १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. असे अनुभव जितक्या जास्त प्रकारचे, तितका मोठेपणी गंभीर आजारांचा धोका वाढलेला दिसतो, हे त्यातून पुढे आलं. वक्ते तो हमखास सांगतात, आणि काही जण त्यातली प्रश्नावली सभागृहात वाटून लोकांना स्वतःचे गुण मोजायला लावतात. हे होऊ देऊ नका. ते आकडे मोठ्या समूहाबद्दल काही सांगतात, समोर बसलेल्या एका मुलीचं भविष्य सांगत नाहीत. शिवाय शंभर माणसांच्या जुन्या जखमा एकाच वेळी उघडल्या, तर त्यांच्याजवळ बसायला तुमच्याकडे शंभर माणसं नाहीत.

सहावी पायरी: दिवसाची आखणी

उद्घाटनाची भाषणं मिळून वीस मिनिटं, आणि मुख्य वक्ता एकच, तोही वीस मिनिटं. हे पाळणं अवघड जातं, कारण ज्यांना बोलायला मिळत नाही ते नाराज होतात. नाराजी पत्करा. भाषणांसाठी वाढवलेला प्रत्येक तास गटचर्चेतून कापला जातो, आणि कापला जाणारा वेळ नेमका मुलांचा आणि पालकांचा असतो.

सकाळचा पहिला गट वयाप्रमाणे वेगळा बसू द्या. मुलं मुलांबरोबर, तरुण तरुणांबरोबर, पालक पालकांबरोबर, आणि शिक्षक-अधिकारी-कार्यकर्ते त्यांचे त्यांचे. आपल्यासारख्यांत एकदा बोलून झालं, की दुपारच्या मिश्र गटात आवाज फुटतो. सुरुवातीलाच मिसळलं, तर मोठे बोलतात आणि छोटे त्यांच्या तोंडाकडे बघतात.

दुपारच्या मिश्र चर्चेसाठी नवख्यांना ‘वर्ल्ड कॅफे’ ही पद्धत सोपी जाते. १९९५ साली जुआनिटा ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांच्या घरी जमलेल्या मंडळींच्या गप्पांतून ती निघाली. चार-पाच जणांची टेबलं, वीस मिनिटांची फेरी, टेबलावर पसरलेल्या मोठ्या कागदावर सगळ्यांनी लिहायचं. प्रत्येक टेबलावर एक जण यजमान असतो. फेरी संपली की तो तिथेच थांबतो, बाकीचे वेगवेगळ्या टेबलांवर जातात, आणि यजमान नव्यांना आधीचं बोलणं सांगतो. तीन फेऱ्यांत कल्पना खोलीभर फिरून येतात. काही टेबलांवर यजमान तरुण असू द्या. हॅरिसन ओवेन यांनी १९८५ च्या सुमारास सुरू केलेली ‘ओपन स्पेस’ पद्धतही चांगली आहे. तिथे विषयपत्रिका लोक तिथल्या तिथे बनवतात. पण तिला सरावलेला सूत्रसंचालक लागतो. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

आणखी एक पद्धत मला फार मोलाची वाटते. न्यूझीलंडने १९८९ साली मुलं, तरुण आणि त्यांच्या कुटुंबांविषयीचा कायदा केला आणि ‘कौटुंबिक गट परिषद’ कायद्यात आणली. आपल्या मुलांबाबतचे निर्णय कुटुंबाला आणि कुळाला बाजूला ठेवून घेतले जातात, अशी तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाची तीव्र तक्रार होती. त्या समाजाची सगळ्यांनी एकत्र बसून ठरवण्याची रीत या कायद्यामागे आहे. परिषदेत सरकारी अधिकारी आणि तज्ज्ञ माहिती देतात, आणि मग खोलीबाहेर जातात. कुटुंब आपसात बोलतं, योजना बनवतं आणि नंतर त्यांना आत बोलावतं. ती परिषद एकेका कुटुंबासाठी असते, तुमची सगळ्या समाजासाठी. तरी ही एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. दुपारी चाळीस मिनिटं अशी ठेवा की सगळे अधिकारी, तज्ज्ञ आणि संस्थांचे प्रतिनिधी दुसऱ्या खोलीत जातील, आणि मुलं, तरुण, कुटुंबं एवढीच मंडळी सभागृहात राहतील. तेव्हा टेबलांवर काय बदल होतो ते पाहा. ‘साहेबांना काय वाटेल’ हा विचार गेला की माणसं आपापसांत खरी अडचण बोलतात, आणि बऱ्याचदा उपायही त्यांच्यातच सापडतो.

गटप्रमुखांना आदल्या आठवड्यात दोन तास तयारी द्या. दोन सवयी पक्क्या करून घ्या. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहणं, ही पहिली. शांततेला घाबरून गटप्रमुख स्वतःच उत्तर देतो आणि बोलायला तयार झालेलं मूल पुन्हा मिटतं. दुसरी सवय, एखाद्याने बोलणं अडवून धरलं तर नम्रपणे म्हणणं, “तुमचा मुद्दा मी लिहून घेतला, आता ज्यांनी अजून बोललं नाही त्यांच्याकडे जाऊ.” टिपणं घेणारं माणूस वेगळं हवं. गटप्रमुखाला एका वेळी ऐकणं आणि लिहिणं दोन्ही जमत नाही.

लहान मुलांना बोलण्यापेक्षा दाखवणं सोपं जातं. आपल्या परिसराचा नकाशा जमिनीवर काढून ‘कुठे बरं वाटतं’ तिथे हिरवं आणि ‘कुठे भीती वाटते’ तिथे लाल चिकटवायला सांगा. लाल ठिपके एका कोपऱ्यात दाटले, तर त्यावर भाषण करायची गरज उरत नाही. तो नकाशा दुपारी मुख्य सभागृहात आणा, आणि तो समजावून सांगायचा की नाही हे मुलांनाच ठरवू द्या.

सातवी पायरी: ठरवणं

शेवटचा तास निर्णयाचा. वीस-पंचवीस ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर करण्यापेक्षा तीन-चार कामं ठरवा. सगळ्या सूचना भिंतीवर लावा आणि प्रत्येकाला तीन ठिपके द्या. दहा वर्षांच्या मुलाला तीन आणि अध्यक्षांनाही तीनच. ज्यांना जास्त ठिपके मिळाले त्या कामांपुढे तिथल्या तिथे लिहा: कोण करणार, पहिलं पाऊल काय, कोणत्या तारखेपर्यंत. ‘समिती पाहील’ हे नाव नव्हे. माणसाचं नाव हवं, आणि ते माणूस खोलीत उभं राहून ‘हो’ म्हणालेलं हवं.

अधिकाऱ्यांकडून तीनपैकी एक उत्तर मागा. हो, करू. नाही, आणि त्याचं कारण हे. किंवा, आज सांगता येत नाही, अमुक तारखेपर्यंत कळवतो. हे त्यांना आधीच कळवून ठेवा, म्हणजे अवघडलेपण येत नाही. स्पष्ट ‘नाही’ मुलांना झेपतं. गोलमोल उत्तराने त्यांचा मोठ्यांवरचा विश्वास जातो, आणि ती पुढच्या वेळी येत नाहीत.

आठवी पायरी: नंतरचे तीन महिने

पहिल्या दोन दिवसांत गटप्रमुखांना एकत्र बसवा. कोणी काय ऐकलं, कोणाच्या मनाला काय लागून राहिलं, हे त्यांना बोलू द्या. ज्या मुलांनी काही जड सांगितलं होतं त्यांची विचारपूस संरक्षणाच्या व्यक्तीने केली का, हेही याच बैठकीत तपासा.

दोन आठवड्यांत अहवाल काढा. मोठ्यांसाठी पाच-सहा पानं, मुलांसाठी एक पान. मुलांच्या पानावर तीन रकाने पुरतात: तुम्ही काय म्हणालात, काय ठरलं, काय ठरलं नाही आणि का. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००९ साली संहितेच्या बाराव्या कलमावर जे विवेचन केलं त्यात मुलांच्या सहभागासाठी नऊ अटी सांगितल्या आहेत. सहभाग ऐच्छिक हवा, सुरक्षित हवा, सर्वसमावेशक हवा अशा त्या अटी. शेवटची अट उत्तरदायित्वाची, म्हणजे आपल्या म्हणण्याचं काय झालं हे मुलांना कळवण्याची. आधी ज्यांच्या घरी जाऊन ऐकलं होतं, त्यांच्याकडेही हे पान हातोहात पोचवा. ते परिषदेला आले नव्हते म्हणून त्यांना वगळू नका.

यश मोजताना नुसती हजेरी मोजू नका. टिपणांवरून पाहा की बोललेल्यांत मुलं किती होती, पालक किती, आणि तज्ज्ञ किती. ठरलेल्या कामांपैकी कोणतं सुरू झालं? भिंतीवरच्या एखाद्या वाक्यामुळे काही बदललं का? शाळेचा निरोप आता संध्याकाळी जातो का?

तीन महिन्यांनी दोन तासांची पाठपुरावा बैठक ठेवा आणि तिची तारीख परिषदेच्या दिवशीच जाहीर करा. कामं ज्यांच्या नावावर आहेत त्यांनी तिथे येऊन सांगायचं. काम झालं नसेल तरी यायचं आणि का झालं नाही ते सांगायचं. बैठकीचं सूत्रसंचालन समितीतल्या तरुणांकडे द्या, आणि पुढच्या परिषदेचा प्रश्न कोणता असावा हे तिथल्या मुलांना विचारून त्याच दिवशी लिहून घ्या.